झाकणावरची विभूती

अप्पा, आज रागानंच लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग गेला नाही, आणि तो जावा असं मलाही वाटत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढच्या वर्षी पाऊस चांगला लागला. सगळं सोलापूर खूश, तुम्ही एकटे पावसाला शिव्या देत होतात. आपली जुनी टॅक्सी उन्हात घोड्यासारखी पळायची आणि पाऊस आला की कुंभारी गावाच्या अलीकडेच धापा टाकायची. उतारू चिखलात उतरून ढकलायचे. कार्बोरेटर खोलून झाला, प्लग बदलून झाले. मी म्हटलं, मी बघते, मला हेच काम शिकायचंय. तुम्ही हसलात. "इंजिन म्हंजे काय चूल हाय व्हय? पावसात चालवून दाव, मग शीक की खुशाल!" हे तुमचेच शब्द, अव्वा, तुमची बायको, साक्षीला होती.

दुपारी तुम्ही जेवून पडलात, तेव्हा मी पत्र्याच्या शेडची दारं लावून अंधार केला आणि अव्वाला स्टेअरिंगवर बसवलं. "शिवा शिवा" म्हणत तिनं गाडी चालू केली. मी बॉनेटखाली तांब्यातलं पाणी शिंपडत गेले. प्लगांना करंट वाटणारं ते गोल काळं झाकण! पिंडीसारखं दिसतं म्हणून दर सोमवारी तुम्ही त्यावर विभूतीचे ओले पट्टे ओढायचात. थरावर थर चढला होता. पाणी पडताच त्या पट्ट्यांवरून निळी ठिणगी सरसरत गेली आणि इंजिन आचके देऊ लागलं. भस्म ओल धरत होतं, प्लगांचा करंट वाटेतच पळत होता. गाडी बंद करून झाकण घासून पुसलं, पुन्हा चालू करून पाणी शिंपडलं. इंजिन एका सुरात चालत राहिलं. अव्वा आतून ओरडली, "आगं, चालतीय की!"

त्या आवाजानं तुम्ही उठून आलात. "कुनाला इचारून पुसलीस? देवाची खूण हाय ती!"

"अप्पा, त्या खुणेवरनंच करंट पळतोय. बघा की."

तुम्ही बघितलं नाही. त्याच संध्याकाळी धो धो पावसात गाडी कुंभारीला जाऊन आली, आणि टॅक्सी स्टँडवर तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "सिद्धेश्वरानं ऐकलं." घरी मी शिकण्याचं काढलं, तर म्हणालात, "पोरीच्या जातीनं ग्यारेजात? लोक तोंडात शेण घालतील." माझा देवावर राग नाही, सोमवार मीही करते. पण पुढच्या सोमवारी विभूती झाकणावरून स्टेअरिंगवर कशी सरकली, अप्पा? तेही सिद्धेश्वरानंच सांगितलं का? तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि कळूनही तुम्ही गप्प बसलात.

मी शिकलेच. तुमच्या नाकावर टिच्चून शिकले. आज पावसाळा लागला की अडलेल्या गाड्या माझ्याच दारात येतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि माफी मागायला तर मुळीच लिहिलेलं नाही. एक मात्र कबूल करते. परवानगी दिली नाहीत, ते मी पुढं केव्हाच सोडून दिलं. पण त्या संध्याकाळी चार माणसांत तुम्ही "पोरीनं केलं" म्हणाल, एवढं ऐकायला मी स्टँडच्या कडेला पावसात भिजत उभी होते.