भोंग्याखालचा हरभरा

७ जानेवारी, हिवरखेड

संध्याकाळचे आवाज रेकॉर्ड करायला बायकोच्या भावाच्या वावरात गेलो, तर साळ्याचा भोंगा सुरू. रानडुकरं पळवायला त्याने स्वतःचंच ‘हाऽट’ भरून ठेवलंय आणि आपण बाजेवर पडून मोबाईल पाहतोय. थोडा वेळ बंद कर म्हटलं.

“भाऊजी, तुमचे किडे आयकू का माहा हरभरा वाचवू?”

म्हणे हरभरा. डुकरं त्या भोंग्याखालीच निवांत चरत होती. मी ओरडलो तेव्हा पळाली.

“कावून बोंबलून राहिले?” बाजेवरूनच विचारतो. ठार बहिरा माणूस.

आणि मी? सगळे ‘हाऽट’ कापून, नुसती टिटवी आणि रातकिडे ठेवून ‘हिवरखेडची संध्याकाळ’ म्हणून मित्रांना ऐकवणार होतो. खोटा आवाज ओळखणारी त्या वावरात डुकरंच तेवढी.