तीनशे उलटे नकाशे

सगळ्यांत आधी आली धाकटी जाऊ. दहाला बोलावलं होतं, तर सव्वानऊलाच दारात उभी, नव्या चपला घालून. पाठोपाठ खालच्या दुकानातला चष्मेवाला. दोघांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. घरात एकदम दोन माणसं बघून मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. चष्मेवाला म्हणाला, "आजी, आधी वाचा, मग बोला. मला दुकान उघडायचंय."

तर वाचते. मी, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण तिसरी, धंदा पुस्तकबांधणी, हल्ली घरी बसून, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्या हाताने लिहीत आहे. मला कुणी भरीस पाडलेलं नाही. टोचणी आहे ती माझ्याच मनाची, ती पुढे येईल.

कलम एक. दोन खोल्या मुलाला. मात्र खिडकीखालचं टेबल सुनेला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. तिथे बसून ती एकटी चहा पिते, तेवढाच तिचा दिवस.

कलम दोन. बँकेत असेल ते नातीला. घडी दाबायची हाडाची पट्टीही तिलाच. लहानपणी तिने ती चावली आहे, दाताची खूण अजून दिसते.

कलम तीन. बाइंडिंगच्या मालकावरचा राग मी कुणाच्या नावावर करत नाही, बरोबर नेते. एक खिडकी उघडू द्यायचा नाही, कागद उडतात म्हणून. आम्ही आठ बायका खळीच्या वासात उकडून निघायचो.

कलम चार. हे लिहायला महिना लागला.

नातीची नोकरी गेली तेव्हा मी तिला नेहमीची गोष्ट सांगितली. भूगोलाच्या वह्यांतल्या उलट्या नकाशांपायी तुझ्या धाकट्या आजीला कामावरून काढलं, म्हणून तर तिने घरी पुठ्ठ्याचे खोके करायला घेतले. आज तिच्याकडे अकरा बायका कामाला आहेत. अडचण आली की समजावं, काहीतरी शिकायला मिळणार आहे. चौतीस वर्षं मी हे येईल त्याला सांगत आले. नातीने डोळे पुसले आणि विचारलं, "पण आजी, त्या वह्यांत नकाशे उलटे लावले कुणी?"

मी उठून गॅस बंद केला. तो चालूच नव्हता.

ते मी लावले. भूगोलाच्या तीनशे वह्या होत्या. जाऊने छापील कागदांचे ढीग टेबलावर ओळीने मांडले आणि लेकाचा कान ठणकत होता म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं. तिचा खाडा लागू नये म्हणून मी तिच्या जागी बसले. बोलता बोलता माझ्या कोपराने एक ढीग खाली पडला. तो होता कोऱ्या नकाशांचा, मुलांनी नावं भरायची तो. आकडा नाही, अक्षर नाही. वरची बाजू कुठली ते मला कळेना. कुणाला विचारायची लाज वाटली. मी ठेवला तसाच, आणि तीनशेच्या तीनशे वह्यांत लावला.

वह्या शिवून, कापून गेल्या आणि आठवड्याने परत आल्या. मालकाने विचारलं, "हे टेबल कुणाचं?" जाऊ म्हणाली, "माझं. मांडताना माझीच नजर चुकली असेल." मी शेजारी उभी होते. हातात दोरा होता, तो मी गुंडाळत राहिले. त्याच दिवशी तिला काढलं.

इथवर आज दोघांसमोर वाचून दाखवलं. चष्मेवाल्याने चहाचा कप हळूच खाली ठेवला. मलाच राहवेना, मी जाऊला म्हटलं, "पण बघ ना, त्यातून तू केवढी वर आलीस."

"आले ना," ती म्हणाली. "माझं मी शिकले, जाऊबाई. ते सांगायचं असेल तर मी सांगेन. तुम्ही नाही."

मग म्हणाली, "आणि माझी मोठी? त्याच वर्षी तिला शाळेतून काढून खोके चिकटवायला बसवली. हुशार होती. तिला काय शिकायला मिळालं, ते विचारलंत कधी?"

नाही विचारलं. माझं म्हणाल तर त्या चुकीतून मी गप्प बसायला शिकले, आणि वर दुसऱ्यांना उपदेश करायला.

कलम पाच, आत्ताच घातलं. बांधलेली पुस्तकं दाबायचं माझं लोखंडी यंत्र जाऊच्या मोठ्या मुलीला. याने भरपाई होत नाही, मला कळतं. तिला नको असेल तर तिने भंगारात द्यावं, कुणी तिला बोल लावू नये. आणि माझ्या माघारी कुणी जाऊ वर आल्याची गोष्ट सांगितली, तर कलम चारसकट सांगावी.

सही केली. चष्मेवाल्याने केली. जाऊने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"मोठीला घेऊन येते," दारात चपला घालताना ती म्हणाली. "तिच्यासमोर वाचा. मग बघू सहीचं."

लिहून देणार: बाइंडिंगवाली आजी
साक्षीदार पहिला: चष्मेवाला, खालचं दुकान
साक्षीदार दुसरी:
ठिकाण: खिडकीखालचं टेबल
तारीख: आज सोळा, सोमवार. त्या दोघी गुरुवारी येणार आहेत.