मेंढीच्या डोक्याचा मान

प्रिय एल्दियार,

माझ्या हातचं पत्र बघून दचकला असशील. फोन आहे माझ्याकडे, पण इथे असीच्या डोंगरी कुरणावर रेंज येते ती फक्त पाणवठ्यामागच्या टेकाडावर, आणि तिथे ओरिनबाय आजोबांचा घोडा बांधलेला असतो. तो मला चावतो. शिवाय फोनवर तू मधेच बोलायला लागतोस. कागदावर तुला गप्प बसून ऐकावं लागेल.

गेल्या आठवड्यात तू गाडीतून उतरलास, बूट झटकलेस, आणि मला कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं. रौशान अपायचा, आपल्या त्या बाईंचा, तास. टिपणं कशी काढायची, अहवाल कसा लिहायचा, चार लोकांपुढे उभं कसं राहायचं, हे सगळं त्या एका विषयात. मला म्हणायच्या, "सामात, हात खिशातून काढ. काय आहे आत, ससा?" वर्ग हसायचा आणि सगळ्यात मोठ्याने तू. तुला त्यांनी कधी टोकलं नाही. तू पहिल्याच दिवशी टाय बांधून आलास आणि असा बोललास की मागच्या बाकावरच्या पोरांना वाटलं, हा नवा मास्तर. पण जोडीने काम करायची वेळ आली तेव्हा तूच माझ्याकडे आलास. "तू कुणाशीही बोलू शकतोस, मी काहीही मांडू शकतो. आपली जोडी जमेल." मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं होतं.

कुर्तचा विषय माझा होता. शहरात लोक त्या खारट वाळक्या दह्याच्या गोळ्या बिअरबरोबर चघळतात, पण त्या कोण करतं, हे कुणाला माहीत नव्हतं. मी इथे येऊन राहिलो. इथल्या कुल्याश आजीबरोबर दही पिळलं, गोळे वळले, छपरावर वाळत घातले, कावळे हाकलले. (कावळ्यांचं एक निराळंच प्रकरण आहे, ते पुन्हा कधीतरी.) रोज रात्री सगळं तुला कळवत होतो आणि तू ते छान शब्दांत बसवत होतास. मी विचारलं, सभागृहात मांडायची आपली पाळी कधी? तू म्हणालास, "शुक्रवारी. घाई करू नकोस, नमुने नीट घेऊन ये."

शुक्रवारी मी कुर्तची पिशवी खांद्यावर घेऊन आलो तर सभागृहाला कुलूप. मांडणी बुधवारीच झाली होती. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्यांच्या कंपनीतली उन्हाळ्यापुरती एकमेव नोकरी तुला मिळाली होती. अहवालावर एकच नाव. रौशान अपाय मला म्हणाल्या, "एल्दियार सांगत होता, तू मधेच सोडून गेलास. तुझ्याबद्दल ऐकून मला नवल वाटलं नाही, याचं मला वाईट वाटतं." हे वाक्य तू ऐकलेलं नाहीस, म्हणून मुद्दाम लिहितो. त्यांनी तक्रारअर्ज द्यायला सांगितलं होतं. मी तो लिहायला बसलो, तेवढ्यात ओळखीचा एक ट्रकवाला कांदे घेऊन ताराझला निघाला होता, आणि मी त्याच्याबरोबर गेलो. म्हणजे तू माझ्याबद्दल जे खोटं सांगितलंस ते मी आठवडाभरात खरं करून दाखवलं. तुला माणसं कळतात, हे मानायला हवं.

मग बराच फिरलो. कांदे, टरबुजं, एका लग्नाच्या बँडमध्ये ढोल. शेवटी इथेच आलो, कारण कुल्याश आजीने काही न विचारता हातात बादली दिली.

आणि मग तू आलास. कायमच्या नोकरीवर शिक्का बसायचा तर असीचा सगळा कुर्त तुझ्या कंपनीला मिळवून न्यायचा, असं तूच गाडीपाशी म्हणालास. मला ओळखून मिठीही मारलीस. "अरे, तू इथे? मस्त. मदत कर हं."

ओरिनबाय आजोबांनी मेंढी कापली. तू मानाच्या जागी बसलास आणि आजोबांनी डोक्याचं ताट तुझ्यापुढे ठेवलं. तुमच्या घरच्या मेजवान्या हॉटेलात होतात, डोकं तिथल्या मुदपाकखान्यातच राहतं. म्हणून तुला एवढंच ठाऊक की मुख्य पाहुण्याला डोकं देतात. पुढचं आता ऐक. ज्याचा बाप हयात आहे त्याने त्या डोक्याला सुरी लावायची नसते. ताट हातात घ्यायचं, मान लववायची आणि शेजारच्या म्हाताऱ्यापुढे सरकवायचं. आजोबा तेवढंच बघत होते. जो मुलगा आपल्या बापाचा मान राखतो तो आपल्या मालाचाही राखेल, एवढा साधा त्यांचा हिशेब. माझा बाप गेला तेव्हापासून मला तो हक्क आहे. नको असलेला.

तू सुरी उचललीस आणि माझ्याकडे बघितलंस. ती नजर मला अपायच्या तासापासून ओळखीची होती: उत्तर सांग, पटकन. मी घोडीच्या दुधाचा कटोरा ढवळत होतो. ढवळत राहिलो.

तू कान कापलास. कान घरातल्या लहानांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. तू तो आजोबांना दिलास, दोन्ही हातांनी, हसून. बायका खाली बघायला लागल्या. आजोबा मात्र रागावले नाहीत. त्यांना वाटलं, पोरगा पोरका आहे, शिकवायला कुणी नाही. त्यांनी तळवे पसरले आणि तुझ्या बापाच्या आत्म्यासाठी दुआ म्हटली. सगळ्यांनी म्हटली. तूही तळवे पसरलेस, शेवटी सगळ्यांबरोबर तोंडावरून हात फिरवलास. मग कुल्याश आजीने डोळे पुसत विचारलं, "कधी गेले रे तुझे वडील, लेकरा?"

"कुठे गेले? अल्माटीतच आहेत. टेनिस खेळतात."

 एक म्हातारा घोड्याकडे बघायचं निमित्त काढून उठला. आजीने तुझ्यापुढची सुरी उचलली आणि आपल्या मांडीखाली ठेवली. तू तरीही तुझे तक्ते उघडलेस आणि समजावत राहिलास, माझीच वाक्यं, आजीचीच वाक्यं, आजीला. बाहेर येऊन मला म्हणालास, "चांगलं झालं ना? तोंडावरून तरी खूष दिसले." मी म्हणालो, "तुला माणसं कळतात."

आता हे पत्र का, ते सांगतो. आजोबांनी तुमच्या कंपनीला कुर्त देणार नाही असं कळवलं, तर तुमच्या संचालकबाईंनी त्यांना लिहून विचारलंय की नकाराचं कारण काय, आमच्या माणसाचं काही चुकलं का. आजोबांनी कागद माझ्यापुढे टाकला. "शहरात शिकलास ना, तूच लिही. खरं असेल ते लिही." मी लिहिलं. पानभर, एकही शिवी नाही, एकही विशेषण नाही. दुआ आहे, कान आहे, आणि तो अहवाल कुणी कुठे बसून तयार केला तेही आहे. खाली आजीने अंगठा उठवलाय. ते पत्र रविवारी कुर्तच्या गाडीबरोबर जाईल, सोमवारी बाईंच्या टेबलावर असेल. हे तुझं मात्र आज टपालाच्या जीपने पाठवतोय, म्हणजे तुला शनिवारी मिळेल. दया समजू नकोस. तू आधीच जाऊन बाईंना सगळं सांगितलंस तरी चालेल, पत्र त्याला साक्ष होईल. नाही सांगितलंस तरी ते पोचेलच. मला त्या बुधवारी काही ठाऊक नव्हतं, मी इथे छपरावर मजेत कावळे हाकलत होतो. तुला तसं राहू द्यायचं नाहीये. तुझा शनिवार आणि रविवार तुला सगळं ठाऊक असताना जायला हवा, जेवताना, टाय निवडताना, वडिलांशेजारी बसून टेनिस बघताना.

जोडीतला तुझाच,
सामात