सुमंतच्या बाईकची चेन

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४
सुमंतची बाईक हुडकेश्वरच्या त्याच्या घरून आमच्या मनीषनगरच्या पार्किंगमध्ये आणली. त्याची बायको मुग्धा म्हणाली, दादा, राहू द्या ना इथंच, काय घाई आहे. मी म्हटलं, धाकट्या भावाचं अर्धवट काम थोरल्यानं नाही करायचं तर कोणी करायचं? जुलैत ताप आला आणि आठवड्याच्या आत सुमंत गेला. तेव्हापासून गाडी तशीच उभी होती.

गाडी तशी तयारच आहे. फ्रेम त्यानं स्वतः वेल्ड केलेली. सीट नाही. ट्रायल्सची बाईक उभ्यानंच चालवतात, दगडधोंड्यांवरून, पाय न टेकवता. फक्त चेन लाइनमध्ये नाही. चाक फिरवलं की खट्, खट्. शनिवारपर्यंत होऊन जाईल.

डिसेंबरात खदानीत स्पर्धा आहे. सुमंतच्या जागी मी उतरणार. अजून कोणाला सांगितलं नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर
कारण सापडलं. पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, मागे सुमंतनं एक जाड चकती, स्पेसर, बसवला होता. काही गरज नव्हती. त्याला प्रत्येक गोष्टीत जास्तीचं काहीतरी घालायची सवय. काढून टाकला.

वर घरी गेल्यावर बायकोनं, लतिकानं, विचारलं, खाली कोणाशी बोलून राहिले होते? मापं मोठ्यानं बोलत होतो, म्हटलं. ती म्हणाली, मापाले कोणी 'अरे' म्हणते काय.

शनिवार, ९ नोव्हेंबर
चेन उतरली. बसवली. परत उतरली. दोष मागच्या चाकाचा. चाक मागेपुढे सरकवणारे दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर थोडे थोडे फिरवले. आता चाकही तिरपं दिसतं, पण हा मधला टप्पा आहे.

एक डोळा मिटून चेनची लाइन बघत होतो, तर चाकाच्या पलीकडे, स्पोकमधून, कोणाचा तरी गुडघा दिसला. राखाडी ट्रॅकपँट. सुमंत तस्साच बसायचा, उकिडवा, एक हात फ्रेमवर, मान जराशी डावीकडे. उठून बघितलं. शेजाऱ्यांच्या स्कूटरचं कव्हर. रंग सेम. विषय संपला. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, मी असल्या गोष्टी मानत नाही.

रविवार, १० नोव्हेंबर
काम करता करता हात मागे केला आणि म्हटलं, बारा नंबर दे. हात बराच वेळ तसाच राहिला. आमचा वॉचमन रुपराव बघत होता. साहेब, पाना कोणाले मागून राहिले? मी म्हटलं, ब्लूटूथवर होतो. त्यानं आधी माझा एक कान बघितला, मग दुसरा.

शनिवार, १६ नोव्हेंबर
नवी चेन टाकली. तीही उतरली. म्हणजे फ्रेमच वाकडी असणार. सुमंतबरोबर खदानीत प्रॅक्टिस करणारा ऋषिकेश येऊन गेला. म्हणाला, फ्रेम एक नंबर आहे, दादा. पण पुढं स्पेसर होता ना? मी म्हटलं, तोच विचार करून राहिलो.

रविवार, १७ नोव्हेंबर
शेवटी माझ्या पद्धतीनं उपाय काढला. पुढच्या स्प्रॉकेटमागे स्पेसर. (स्पेसर सुमंतचाच, पण जागा मी ठरवली.) चाक सरळ केलं, स्टीलची पट्टी लावून बघितली. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत. चाक फिरवलं. काहीच आवाज नाही.

पुन्हा फिरवलं. काहीच नाही. पलीकडे बघितलं. नुसती भिंत. एवढं रिकामं पार्किंग मी कधी बघितलं नव्हतं.

खात्री करायची म्हणून एका बाजूचा अ‍ॅडजस्टर थोडा ढिला केला. खट्, खट्. बरं वाटलं. म्हणजे, फॉल्ट अजून आहे, हे वेळेवर कळलं ते बरं झालं.

शनिवार, २३ नोव्हेंबर
राइडिंगची प्रॅक्टिस. फुटरेस्टवर उभा राहिलो. जागेवर बॅलन्स करणं हाच ट्रायल्सचा पाया. शेजाऱ्यांच्या स्कूटरचा आरसा गेला. स्पर्धेबाबत फेरविचार चालू. माझ्या सुजलेल्या गुडघ्याचा काही संबंध नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर
मुग्धाचा फोन. दादा, झाली काय गाडी? म्हटलं, फाइन ट्यूनिंग बाकी आहे.

लतिका पायऱ्यांवर येऊन बसली. म्हणाली, काल संध्याकाळी नीट केली होती तुम्ही, मी वरून बघितलं. आज सकाळी परत काहून बिघडवली? मी म्हटलं, प्रिसिजनचं काम आहे, तुला नाही समजणार. ती पदरानं डोळे पुसत बसून राहिली. तिला दोन दिवस झाले सर्दी आहे.

रविवार, १ डिसेंबर
सकाळी मुग्धा आली, ऋषिकेशच्या गाडीवर मागे बसून. अंगात सुमंतचं जॅकेट. म्हणाली, दादा, गाडी घेऊन जाते. स्पर्धेत मी उतरून राहिली. मी पाना पुसायला घेतला. मग ती हळूच म्हणाली, त्यांनी हँडल माझ्याच मापाचं बनवलं होतं. तुम्हाले त्यांनी सांगितलं नाही काय?

सांगितलं होतं, म्हटलं. नव्हतं सांगितलं.

अ‍ॅडजस्टर बरोबर केला, नट टाइट केले. शेवटचा नट जरा हळू टाइट केला, घाईत आटे जातात. मुग्धानं किक मारली. फुटरेस्टवर उभी राहिली आणि गेटमधून बाहेर पडली. स्पीडब्रेकरवर गाडी थांबवली, तिथंच उभी तोलली, पाय टेकवला नाही. पाठमोरं जॅकेट, मान जराशी डावीकडे झुकलेली. चेनचा आवाज शून्य.

मी ओरडलो, सुमंत, हळू जा.

मुग्धानं पाय टेकवला. मागे वळून बघितलं नाही. बराच वेळ तशीच थांबली, मग गेली.

वर आलो. लतिकानं विचारलं, कोणाले आवाज दिला? म्हटलं, वॉचमनला. नाश्त्याला पोहे होते.