मामाच्या हातची यांगोना

सेमिसीमामा,

मावशीच्या मयताला तुम्ही परातीत कोपरापर्यंत हात बुडवून यांगोनाच्या मुळांची भुकटी पाण्यात कालवलीत आणि एकाच करवंटीतून अख्ख्या गावाला पाजलीत. दुसऱ्या दिवशी गावभर उलट्या-जुलाब. तुम्ही मात्र ठणठणीत! वर चारचौघांत म्हणालात, "लितियाची मासळीच सडकी. माझं पोट बघा, दगड पचवेल!"

आज सुवा शहरातून आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं, त्या जुलाबाचे विषाणू तुमच्याच शौचाच्या नमुन्यात सापडले. त्रास नसला तरी ते बाहेर पडतातच म्हणे. शी! तुमचे ते न धुतलेले हात!

एवढं लिहून पाकीट जिभेने चिकटवणार, तोच बाई पुन्हा दारात. "लितिया, तुलाही काही झालं नव्हतं ना? तुझाही नमुना दे."

आता पाकिटाला जीभ लावायचीही किळस येतेय. मासळी मीही हातानेच कालवली होती.

तुमच्याच रक्ताची,
लितिया