ओढेल, पण झेपेल का?

१२ एप्रिल, शनिवार

ट्रेलर डोलला. घरापासून वीस मैलसुद्धा गेलो नव्हतो. शेजारून एक मोठा ट्रक सुसाट गेला, आणि आमच्या मागचं ते भाड्यानं आणलेलं पांढरं धूड आधी त्याच्याकडे ओढलं गेलं, मग उलट बाजूला, मग पुन्हा. पिकअपची मागची चाकं सरकताहेत हे मला बसल्या जागी कळत होतं. मी डॅशबोर्ड घट्ट धरला. शेखरनं ब्रेक मारला नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला — एवढं मात्र मानायला हवं. हळूहळू सगळं ताळ्यावर आलं.

"काही झालं नाही," म्हणाला. पुढच्या एक्झिटला वळलो आणि परत आलो. येताना काटा चाळीसच्या वर गेला नाही.

घरी येऊन मी चहा टाकला. चहाचं पाणी झालं तरी हा आपला ड्राइव्हवेत गाडीतच. बाहेर जाऊन बघते तर स्टिअरिंग पुसत बसला होता. स्वच्छच होतं ते.

१३ एप्रिल, रविवार

म्हटलं, विमानानं जाऊ.

"आणि राहायचं कुठे? सोफ्यावर?"

संपलं बोलणं. तसं त्याचं खरंच आहे. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, आमच्या लेकीचं, अनुष्काचं, एका बेडरूमचं अपार्टमेंट. जूनअखेर बाळ येणार. जावयाचे, कृष्णाचे आईवडील नागपूरहून मे महिन्यातच येऊन बसणार. त्यात आम्ही दोघं म्हणजे बाळंतिणीला पाय पसरायला जागा उरायची नाही. म्हणून ही ट्रेलरची टूम — आपलं घर आपल्या मागे बांधून न्यायचं, जवळच्या आरव्ही पार्कमध्ये लावायचं, दिवसा लेकीकडे आणि रात्री आपल्या बिछान्यात. कल्पना उत्तम आहे. फक्त जिवंत पोचायला हवं.

१६ एप्रिल, बुधवार

भांडण. मोठं.

शेखरचा हेका एकच. "ब्रोशर बघ, ही गाडी साडेसात हजार पौंड ओढते. मी पस्तीस वर्षं गाड्या बनवल्यात, नीला." बनवल्या म्हणे! सीट बनवल्या. मी तोंडावर म्हटलं नाही, इथे लिहिते.

मी आयुष्यभर औषधांच्या दुकानात माणसाच्या वजनावरून डोस मोजले. बाटलीवर काय छापलंय त्यापेक्षा समोरच्याला काय झेपतं ते बघायचं, ही सवय. म्हणून पिकअपचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून तेराशे ऐंशी पौंड. त्याच्या वर नाही.

आता गंमत अशी, की ट्रेलर नुसता मागून ओढायचा नसतो. त्याचं नाक पिकअपच्या पाठीवर टेकलेलं असतं आणि नाकाचा भार गाडीनं उचलायचा असतो. मोठ्या ट्रेलरचं नाकच सात-आठशे पौंडांचं. त्यात आम्ही दोघं. त्यात सामान. म्हणजे ओढेल, पण झेपेल का?

हे सगळं सांगितलं. "मला शिकवू नकोस" म्हणून उठून गेला. जाताना मात्र पिकअपच्या दाराशी थांबून स्टिकर वाचताना मी त्याला पाहिलं.

१९ एप्रिल, शनिवार

आज ट्रेलरच्या दुकानात. दोन नक्की केले. म्हणजे मी एक, त्यानं एक.

माझा: लहान, हलका. एक पलंग, एक टेबल, दोन शेगड्या. स्वयंपाक करताना मागे वळले तर थेट बाथरूममध्ये, पण आम्हाला दोघांना किती लागतं?

त्याचा: चांगला लांबलचक, मागच्या बाजूला दोन बंक, आगगाडीसारखे. वजन मी दोनदा विचारून घेतलं. सेल्समन गोड हसून म्हणतो, तुमची पिकअप हा दिवसभर ओढेल. ह्यांना काय, विकलं की झालं.

"बंक कशाला हवेत?" मी विचारलं. "असू दे, लागतात," म्हणाला. कोणाला लागतात? नातवाला यायला अजून दोन महिने, आणि तो काही जन्मल्या जन्मल्या शिडी चढणार नाही.

आणि मग काय केलं, तर बूट काढून खालच्या बंकवर आडवा झाला. पाच फूट सहा इंचांचा माणूस. पाय ताणून बघतोय, डोक्यावर हात लांब करून बघतोय. सेल्समनला विचारतो, "सहा फुटांचा माणूस मावेल ना?" मावेल म्हणाला. मला हसूही आलं आणि रागही. उंची वाढणार आहे का या वयात?

दुकानदार तीन आठवडे दोन्ही राखून ठेवणार आहे.

२३ एप्रिल, बुधवार

आपण गाडीनं कॅलिफोर्नियाला जाणार ही बातमी मी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात बोलून गेले होते. तेव्हापासून रीघ लागलीय. इंडियाला जाताना पिशव्या येतात त्याला निदान तेवीस किलोंची वेसण असते. ट्रेलर म्हटल्यावर लोकांना वाटतं जहाजच निघालंय.

वसुधा तिकडच्या तिच्या लेकीसाठी, शिवांगीसाठी, दगडी खलबत्ता देऊन गेली. "मिक्सरला ती चव नाही गं. तुमचं काय, मागे टाकायचा." बाळ मोघ्यांनी त्यांच्या भाच्यासाठी पुस्तकांची दोन खोकी आणली, तीही स्वतः न उचलता, शेखरकडून उचलवून. सुवर्णानं तिच्या मुलांचा सागवानी पाळणा दिला, तो मात्र अनुष्कासाठी. शिवाय काळ्या मसाल्याच्या बरण्या, लोणची, कोणाचं तरी शिलाई मशीन.

कोणाला नाही म्हणायचं? चाळीस वर्षं ह्याच लोकांनी आमच्या बॅगांत न मावलेलं सामान आपल्या बॅगांतून आणलंय.

शेखर गॅरेजमध्ये उभा राहून ढिगाकडे बघत होता. मग एकेक खोकं उचलून वजन अजमावू लागला.

२७ एप्रिल, रविवार

मुलाशी, अनयशी बोलले. रविवारी शेखर फिरायला गेला की मी लावते.

अनय वायोमिंगमध्ये पवनचक्क्या दुरुस्त करतो. तीनशे फुटांवर चढून. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतली नोकरी सोडून गेला. त्या दिवाळीला शेखर दहा लोकांसमोर म्हणाला, "आम्ही इतक्या लांब आलो ते मुलानं खांबांवर चढावं म्हणून?" अनयनं ताट तसंच ठेवलं आणि निघाला. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

आमचा रस्ता त्याच्या गावावरूनच जातो. मी नकाशात पहिल्या दिवशीच पाहून ठेवलंय. तिथे थांबायचंच, शेखरला आयत्या वेळी सांगायचं, असा माझा बेत. ट्रेलरपेक्षा मला ह्याचीच जास्त धास्ती आहे — दारावरून पुढे निघून गेलो तर?

आज अनय म्हणाला, "आई, इकडे विंड सीरियस असतो. मागच्या मंथमध्ये एक अख्खा ट्रेलर आडवा झाला. वारा असला की लाइट ट्रेलर्सना रोड क्लोज करतात. तू प्लीज बाबांना सांग, घाई नका करू. वेट करा." मग हळूच, "माझ्याकडे वेट करा, आय मीन, इफ यू वाँट."

शेखर आल्यावर वाऱ्याचं सांगितलं. "कोणी सांगितलं?" म्हटलं, नेटवर वाचलं.

बूट काढता काढता म्हणाला, "बरं. तुझं नेट जेवतं का नीट?"

म्हटलं, जेवतं.

३ मे, शनिवार

ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पिकअप वजन करून आणली. मीच हट्ट धरला. पार्सलं सगळी मागे भरली, टाकी भरली, आम्ही दोघं आत बसलो, पुढेमागे अठरा चाकांचे ट्रक, आणि मधे आम्ही लोणच्यासकट. कागद हातात आला तसा शेखरनं तिथेच, गाडीत बसून हिशेब केला. ट्रेलरच्या नाकासाठी किती उरतं ते.

बंकवाला बसत नाही. हलका बसतो.

मी जिंकले. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, असं मला वाटतं.

"पार्सलं नसती तर जेमतेम बसत होता," म्हणाला.

"मग काय, परत करू? लोक काय म्हणतील?"

"नको. तुझाच घेऊ. हलका घेऊ." आणि गाडी माझ्या हातात दिली. म्हणाला, कंटाळलोय, तू चालव. चाळीस वर्षांत मी शेजारी असताना ह्यानं स्टिअरिंग सोडलेलं मला आठवत नाही.

मी पिकअप पहिल्यांदाच चालवली. शेखर खिडकीबाहेर बघत होता, एकदाही "लेन बघ" म्हणाला नाही.

१० मे, शनिवार

हलका ट्रेलर घरी आला. छान आहे. शेखरनं पडदेसुद्धा लावून दिले. माझ्याशी फार नीट वागतोय, त्याचीच भीती वाटते.

११ मे, रविवार



अनुष्काचा फोन. मदर्स डे म्हणून. मी मोठ्या कौतुकानं व्हिडिओवर ट्रेलर दाखवला. पलंग, टेबल, शेगड्या. ती म्हणाली, "बट व्हेअर इज द बंक?"

म्हटलं, नाही घेतला. जड होता.

"ओह नो. आई... मग दादा कुठे झोपणार?"

मग सगळं बाहेर आलं. शेखरनं तिला महिन्यापूर्वी फोन केला होता. त्या डोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी. दादाची उंची किती गं आता? जूनमध्ये त्याला सुट्टी मिळेल का, सहज विचार, माझं नाव नको घेऊस. अनुष्का म्हणाली, "बाबा सेड ही कांट डू द विंड पार्ट, आई. म्हणाले, माझे हात कापतात त्या दिवसापासून. दादा वाऱ्यात ड्राइव्ह करतो रोज. ही वाँटेड दादा टु ड्राइव्ह यू गाइज हिअर. प्रॉमिस घेतलं होतं, तुला सांगायचं नाही म्हणून."

आणि मी? मी त्याला पिवळा स्टिकर वाचून दाखवत होते. अनयच्या जागेवर मी वसुधाचा खलबत्ता भरला.

मला रडू आलं, मग शेखरचा भयंकर राग आला, मग पुन्हा रडू. सरळ मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मीही माझा बेत त्याला कुठे सांगितला होता?

१२ मे, सोमवार

खलबत्ता, पुस्तकं, बरण्या, मशीन, सगळं ज्याचं त्याला परत. पाळणा तेवढा ठेवला. वसुधा फुगली. फुगू दे.

ट्रेलरमधलं टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग होतो. मी टेप लावली. दुसरं टोक सारखं सुटत होतं, ते शेखरनं येऊन धरलं. सहा फुटांना दोन इंच कमी.

"पाय दुमडावे लागतील त्याला," मी म्हटलं.

शेखरनं टेप गुंडाळली. कोणाला, असं विचारलं नाही. मग खिशातून फोन काढला आणि आकडे दाबले. नंबर शोधावा लागला नाही. पाठ होता.