खांब उभा असेतो

खारालाख,
३ सप्टेंबर

ज्येष्ठ भगिनी अकुलीना यांस धाकटा बंधू प्रोकोपी याचा आदरपूर्वक नमस्कार.

आपण शहरात नातीच्या घरी सुखरूप असाल आणि गुडघे फारसा त्रास देत नसतील, अशी आशा बाळगतो. माझे येथे सर्व यथास्थित आहे. सहा वर्षांत पत्र लिहिले नाही, त्यास विशेष असे कारण नाही. कामे होती. फोन करता येत नाही, कारण गाव उंचावरच्या नव्या वस्तीत गेले तेव्हा मोबाइलचा मनोराही गेला.

गवताची कापणी आटोपली. कुरणात खड्डे पडून पाणी साचल्याने गवत कमी झाले, परंतु गाई मी वसंतातच विकल्या असल्यामुळे ते पुरून उरेल. एक घोडी ठेवली आहे. जमिनीखालच्या बर्फाच्या तळघरात यंदा मांस ठेवले नाही. तेथे थोडे पाणी आहे.

जूनमध्ये शेजारचा गव्रीलही नव्या वस्तीत गेला. चूल ट्रॅक्टरवर चढवून वर म्हणाला, "प्रोकोपी, खांब पडला की कळव हो! न्यायला येतो."

गाव हलवण्याविषयीची ती सभा आपणांस स्मरत असेलच. वडिलांनी अंगणात रोवलेला घोडे बांधायचा खांब उभा असेतो मी हलणार नाही, असे मी सर्वांसमक्ष शपथेवर सांगितले होते. आपल्यात हा खांब कोणी हाताने उपटत नाही, त्याला टेकूही देत नाही. तो आपोआप पडतो, तेव्हाच घरधनी मोकळा होतो. त्यावर आपण उठून म्हणालात, "मग खांबाशीच संसार कर!" आणि सगळी सभा हसली. ती गोष्ट मी तेव्हाच विसरलो.

नातीस आशीर्वाद. उत्तराची घाई नाही.

आपला बंधू,
प्रोकोपी


खारालाख,
२९ सप्टेंबर

अकुलीना अक्कास नमस्कार.

उत्तर आले नाही. त्याबद्दल तक्रार नाही. मागील पत्रात काही गोष्टी जागेअभावी राहून गेल्या, त्या लिहितो. गव्रील बाहेर ट्रॅक्टर सुरू ठेवून बसला आहे, म्हणून अक्षर चांगले आले नाही तर क्षमा असावी.

दक्षिणेचे जंगल गेल्या वर्षी पुन्हा जळाले, हे तुला ठाऊक असेल. धूर शहरातही आला होता म्हणतात. आपण रोज जेवणाआधी जिला पहिला घास घालतो, त्याच आगीने हे केले, याचे मला फार वाईट वाटले. झाडे गेली, शेवाळ गेले, जमीन काळी उघडी पडली. तेव्हापासून ती ऊन शोषते आहे आणि खालचा जुना बर्फ वितळतो आहे. ऑगस्टमध्ये तुयारा नावाची सरकारी मोजणीवाली मुलगी आली होती. कुरणातल्या खड्ड्यांचे आता जे नवे तळे झाले आहे, त्याच्या बुडबुड्यांपाशी तिने काडी ओढली, तर पाण्यावर भपकन जाळ झाला. ती म्हणाली, "आजोबा, वितळलेल्या जमिनीतला हा वायू वर जातो आणि हवा आणखी तापवतो. हवा तापली की जंगल आणखी जळतं, आणि जंगल जळलं की बर्फ आणखी वितळतो."

मी विचारले, "मग हे थांबतं कुठे?"

ती म्हणाली, "ते आम्हीही मोजतोय." आणि मग, "तुम्ही इथं एकटे का राहता?"

मी तिला तिचे वय विचारले. ती पुन्हा मोजणीला लागली.

अक्का, घर कलले आहे. पुढचे दार उघडत नाही. मी खिडकीतून ये-जा करतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे शोभत नाही, परंतु पाहणारे कोणी नाही. चुलीखालची जमीन खचून धुराडे फुटले आहे; पेटवली की धूर घरातच भरतो. तरी सकाळी थोडी पेटवतो, घास घालतो आणि मग उगाच तिच्याशी बोलत बसतो. परवा मला शिंक आली, आणि माझ्याच आवाजाने मी दचकलो.

आता खांबाविषयी. उन्हाळाभर मी रोज सकाळी प्रथम तो पाहत असे. कलला आहे का, हे पाहत असे. कलला असता तर मला दुःख झाले नसते. हे मी प्रथमच कोणास सांगत आहे.

रविवारी सकाळी मोठा आवाज झाला. खिडकीतून उतरलो तो अर्धे अंगण खाली गेलेले, आणि तळ्याचे पाणी त्यात शिरत होते. कुंपण गेले, गोठा गेला. खांब मात्र मातीच्या ढेकळासकट सरळ खाली बसला आहे. पाण्याच्या मधोमध ताठ उभा आहे. वडिलांनी तो फार खोल रोवला होता.

आज गव्रील आला. पाहून म्हणाला, "सुटलास एकदाचा! पडला की."

"पडलेला नाही. उभा आहे."

"अरे म्हाताऱ्या, पाण्यात उभा आहे! आता त्याला घोडा बांधणार की मासा? चल, बस."

"शपथ उभ्या-पडल्याची होती. पाण्याची नव्हती."

तो खूप शिव्या देऊन ट्रॅक्टरवर जाऊन बसला. मध्येच ओरडतो, "पत्र लिहितोस की कादंबरी?" परंतु जात नाही. तो चांगला मनुष्य आहे. घोडीला आजच त्याच्याबरोबर पाठवीत आहे. तिने शपथ घेतलेली नाही.

त्या धुराड्याने हिवाळा निघणार नाही, हे मला समजते. मी मूर्ख नाही. परंतु सर्वांदेखत दिलेला शब्द मी स्वतः मोडून त्या वस्तीत शिरलो, तर उरलेले दिवस खाली मान घालून जगावे लागेल, आणि ते मला येत नाही.

म्हणून तुला लिहितो. तू थोरली आहेस. आई-वडिलांमागे या घरात तुझा शब्द शेवटचा. सभेत तू मला चिडवलेस, आज्ञा केली नव्हतीस. केली असतीस तर काय झाले असते, याचा मी या सहा वर्षांत पुष्कळ विचार केला आहे.

तेव्हा कृपा करून विनंती पाठवू नकोस. विनंती मी नाकारू शकतो, आणि नाकारीन. प्रेमाने समजावूही नकोस. 'प्रोकोपी, ट्रॅक्टरवर बस' एवढे स्वतःच्या हाताने लिही आणि खाली सही कर. उत्तर गव्रील आणील. बर्फ पडण्याआधी पुन्हा येईन म्हणतो. त्याला ते मोठ्याने वाचायला सांग. तो हसेल. हसू दे.

सामान बांधलेले आहे.

तुझ्या हुकमाची वाट पाहणारा धाकटा भाऊ,
प्रोकोपी